बाख विसरला गेला नव्हता

योहान सेबास्टियन बाखची एक गोष्ट पाश्चात्त्य संगीताची ओळख करून देणाऱ्या लेखांत, कार्यक्रमपत्रिकांत, चरित्रांत हमखास भेटते. २८ जुलै १७५० रोजी लायपझिगमध्ये बाख वारला आणि त्याच्याबरोबर त्याचे संगीतही मातीआड गेले. जगाने त्याला जुनाट ठरवून अडगळीत टाकले, मुलांनी बापाची हस्तलिखिते मिळेल त्या भावाला विकली, कुठल्याशा दुकानदाराने त्याच कागदांत गिऱ्हाइकांना चीज बांधून दिले. आणि जवळजवळ ऐंशी वर्षांनी, ११ मार्च १८२९ रोजी, वीस वर्षांच्या फेलिक्स मेंडेल्सझोनने बर्लिनमध्ये ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ सादर करून त्याला पुन्हा जिवंत केले. गोष्ट ऐकायला फार छान आहे. तिच्यात अन्याय आहे, तरुण नायक आहे, शेवटी न्यायही आहे. पण ती खरी नाही. एखाददुसरा तपशील सैल आणि गाभा शाबूत, असेही नाही. तिचा गाभाच चुकीचा आहे. या ऐंशी वर्षांतले एकही दशक असे दाखवता येत नाही, ज्यात जर्मन भाषक मुलखातल्या जाणत्या संगीतकारांना बाख ठाऊक नव्हता, त्याच्या रचना कोणी हाताने उतरवून घेत नव्हते, वाजवत नव्हते, शिष्यांना शिकवत नव्हते. आणि ही चूक निरुपद्रवी नाही. ती सांगताना ज्यांनी बाखला जपले त्यांची नावे पुसली जातात, त्यांत बायकांची नावे आधी पुसली जातात. म्हणून तिचा प्रतिवाद नीट, पुराव्यानिशी करायला हवा.

सुरुवात शिष्यांपासून करू, कारण बाख हयातीत जितका रचनाकार म्हणून ओळखला जाई, तितकाच शिक्षक म्हणूनही. त्याच्या अखेरच्या शिष्यांपैकी योहान क्रिस्टियान किटेल हा एअरफुर्टला ऑर्गनवादक होता. बाख गेल्यावर तो जवळजवळ साठ वर्षे जगला आणि या सगळ्या काळात आपल्या गुरूच्या पद्धतीने शिकवत राहिला. तो १८०९ मध्ये वारला. म्हणजे मेंडेल्सझोन जन्मला त्या वर्षीसुद्धा बाखच्या हाताखाली प्रत्यक्ष शिकलेला माणूस हयात होता! किटेलचे शिष्य मध्य जर्मनीतल्या गावोगावच्या चर्चमध्ये वाजवत होते. त्यांतलाच एक, योहान हाइनरिख फ्रीड्रिख श्युत्स, बर्का नावाच्या छोट्या गावात औषधी स्नानगृहांचा निरीक्षक होता. वायमारहून येणारा वृद्ध गटे त्याच्याकडे तासन्‌तास बसून बाख ऐकत असे. तिकडे बर्लिनमध्ये दुसरा शिष्य योहान फिलिप किर्नबर्गर बसला होता. आपल्या गुरूची अध्यापनपद्धती जगापुढे मांडणे हे त्याने आयुष्याचे कामच मानले होते आणि १७७१ पासून त्याचा रचनाशास्त्रावरचा मोठा ग्रंथ खंडाखंडाने बाहेर पडत होता. बॉनमध्ये क्रिस्टियान गॉटलोब नेफे याने आपल्या एका पोरसवदा शिष्याच्या हाती बाखचा ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हियर’ दिला, आणि हा मुलगा त्यातला बराचसा भाग वाजवतो असे १७८३ मध्ये एका संगीतविषयक नियतकालिकात छापून आणले. मुलाचे नाव लुडविग फान बेथोव्हेन. त्या मजकुरात नेफेने हा संग्रह नाव घेऊन सांगितला, तो ज्या कोणाला माहीत आहे त्याला या गोष्टीचे मोल कळेल अशा भरवशावर. विस्मृतीत गेलेल्या संगीतकाराचे नाव कोणी असे प्रशस्तिपत्र म्हणून वापरत नाही.

व्हिएन्नातही हेच दिसते. बॅरन गॉटफ्रीड फान स्वीटन हा ऑस्ट्रियाचा राजदूत म्हणून १७७० ते १७७७ बर्लिनला होता, तिथे त्याला किर्नबर्गरच्या वर्तुळात बाखची गोडी लागली आणि परत येताना तो हस्तलिखिते घेऊन आला. १७८२ च्या एप्रिलमध्ये मोझार्टने वडिलांना कळवले की आपण दर रविवारी दुपारी बाराला बॅरनकडे जातो आणि तिथे हेंडेल आणि बाख यांच्याखेरीज दुसरे काही वाजत नाही. त्याने ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हियर’च्या दुसऱ्या भागातले पाच फ्यूग तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी बसवले. सात वर्षांनी तो लायपझिगला गेला, तेव्हा सेंट थॉमस शाळेच्या मुलांनी बाखचे ‘झिंगेट डेम हेर्न’ हे मोटेट त्याला गाऊन दाखवले. या भेटीचे जे रसभरित वर्णन नंतर छापले गेले, त्यातले किती घ्यावे याबद्दल मतभेद होऊ शकतो. पण मोझार्टने मिळवलेली त्या मोटेटची प्रत व्हिएन्नात आजही आहे आणि याला पूर्ण वाद्यवृंद लावायला हवा असा शेरा तिच्यावर आहे. प्रश्न मोझार्ट भारावला की नाही हा नाहीच. ज्या मुलांनी ते गायले, त्यांना ते पाठ कसे होते? त्यांचा शिक्षक योहान फ्रीड्रिख डोलेस हा बाखचाच शिष्य होता, १७५६ पासून बाखच्याच खुर्चीवर बसलेला होता, आणि मोटेट शाळेच्या रोजच्या गाण्यातून कधी बाहेर पडलेच नव्हते. आपल्याकडे बंदिशी कित्येक पिढ्या गळ्यातून गळ्यात गेल्या आणि छापील पुस्तके फार उशिरा आली, हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

छापील पुराव्याकडेही पाहू, कारण विस्मृतीची बाजू मांडणारे तोच आधी पुढे करतात. ‘आर्ट ऑफ फ्यूग’ १७५१ मध्ये छापून निघाले, त्याच्या जेमतेम तीसेक प्रती खपल्या आणि १७५६ मध्ये मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल याने तांब्याचे ठसे विकायला काढले. हे खरे आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. पण ते एकटे सांगणे म्हणजे अर्धवट साक्ष. बाखच्या चार स्वरांतल्या कोरालांचे दोन भाग १७६५ आणि १७६९ मध्ये बर्लिनहून निघाले. मग १७८४ ते १७८७ या काळात लायपझिगच्या ब्राइटकोप्फने चार खंडांत ३७१ कोराल काढले. कोणी विकत घेत नसते तर प्रकाशकाने दुसऱ्यांदा हात घातला नसता. १८०१ मध्ये तर ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हियर’च्या आवृत्त्या एकाच वेळी तिघांनी काढायला घेतल्या: बॉनचा झिमरॉक, झ्युरिखचा नेगेली आणि लायपझिगचा होफमाइस्टर-क्युनेल. तीन शहरांतले तीन धंदेवाईक प्रकाशक एकमेकांच्या आधी बाजारात पोचायला धडपडतात, ते पुस्तक मागणीचे असते म्हणून. १८०२ मध्ये योहान निकोलाउस फोर्केलने बाखचे चरित्र लिहिले, ते फान स्वीटनला अर्पण केले आणि मुखपृष्ठावरच ते देशाभिमानी रसिकांसाठी असल्याचे सांगितले. त्याच सुमारास मोटेट छापले गेले. १८११ मध्ये ‘माग्निफिकाट’ आले, १८१८ मध्ये नेगेलीने ‘बी मायनर मास’ छापण्यासाठी वर्गणीदार मागितले आणि ती सर्व काळांतली, सर्व लोकांची सर्वश्रेष्ठ संगीतकृती असल्याचे जाहीर केले. वर्गणीदार पुरेसे मिळाले नाहीत, तेव्हा छपाई लांबली. पण जाहिरातीत असे म्हणण्याची हिंमत एका व्यापाऱ्याला झाली, मेंडेल्सझोनच्या मैफलीच्या अकरा वर्षे आधी, हे विसरता येत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत बोलका वाटतो तो प्रसंग छोटा आहे. १८०० साली बाखची सर्वांत धाकटी मुलगी रेगिना सुझाना लायपझिगमध्ये म्हातारपणी हलाखीत दिवस काढत होती. वडील वारले तेव्हा ती आठ वर्षांची होती. आई आना माग्डालेना दहा वर्षांनी, नगराच्या मदतीवर जगता जगता वारली होती. फ्रीड्रिख रोखलिट्सने आपल्या संगीतविषयक साप्ताहिकात रेगिना सुझानासाठी मदतीचे आवाहन छापले. पैसे आले. पोच देणाऱ्या यादीत व्हिएन्नाहून आलेली रक्कमही आहे, आणि पुढच्या वर्षी बेथोव्हेनने आपल्या प्रकाशकांना लिहिले की या बाईंच्या मदतीसाठी आपलीही एखादी रचना वर्गणीवर छापावी. विचार करा, ज्या संगीतकाराला पन्नास वर्षे कोणी ओळखत नाही, त्याच्या वृद्ध मुलीसाठी अनोळखी माणसे दुसऱ्या देशातून पैसे पाठवतात का? बाप कोण होता ते वाचकांना आधी समजावून सांगावे लागले असते. रोखलिट्सला ते समजावून सांगावे लागले नाही. त्याने उलट वाचकांना लाज वाटायला लावली, की बाखचे नाव अजून सगळीकडे आदराने घेतले जाते आणि त्याची मुलगी उपाशी आहे. तीही, किटेलप्रमाणेच, १८०९ मध्ये वारली.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा. वाद्यावरचे फ्यूग, कोराल, मोटेट हे ठीक. पण पॅशन, कॅन्टाटा, मास, म्हणजे ज्या रचनांवर आज बाखचे थोरपण उभे आहे, त्या तर लोकांच्या कानांवर पडतच नव्हत्या ना? मग विस्मृती म्हणायची ती हीच. या मुद्द्यात तथ्य आहे आणि त्याला उत्तर देताना मागेपुढे पाहण्याचे कारण नाही. ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ संपूर्ण स्वरूपात बाखच्या मृत्यूनंतर १८२९ पर्यंत जाहीरपणे सादर झाल्याची नोंद नाही. पण हा नियम बाखपुरता नव्हता, तो त्या काळाचा होता. चर्चसंगीत हे त्या-त्या रविवारच्या उपासनेसाठी लिहिले जाई, ते पुरवणे ही त्या-त्या कांटोरची, म्हणजे चर्चच्या संगीतप्रमुखाची, नोकरी असे, आणि मागच्या कांटोरचे संगीत पुढच्याने वर्षानुवर्षे गाऊन घ्यावे अशी अपेक्षा कोणी करत नसे. जुनी कलाकृती मैफलीत पुन:पुन्हा ऐकायची ही सवयच अठराव्या शतकात जर्मनीत रुजलेली नव्हती. गेओर्ग फिलिप टेलेमानकडे पाहा. हयातीत तो बाखहून कितीतरी प्रसिद्ध होता. लायपझिगच्या जागेसाठी नगरपालिकेने १७२२ मध्ये आधी त्यालाच विचारले होते. त्याच्या पॅशनचे पुढे काय झाले? एकोणिसाव्या शतकात त्या क्वचितच कोणी गायल्या, फ्यूगांसारख्या शिष्यांकडून घोटवूनही घेतल्या नाहीत. संगीतकार खरोखर विसरला जातो तेव्हा ते असे दिसते. बाखचा मापदंड वेगळा आणि टेलेमानचा वेगळा, असे करता येणार नाही.

शिवाय ज्या कृतीबद्दल बोलतो आहोत तिचाही मागमूस लागत नव्हता असे नाही. इमान्युएल १७६८ मध्ये हॅम्बुर्गला चर्चसंगीताचा प्रमुख झाला आणि १७६९ मध्ये त्याने जी पहिली मॅथ्यू पॅशन सादर केली, तिच्यात वडिलांच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मधले वृंदभाग सरळ उचलून घातलेले आहेत. म्हणजे लायपझिगबाहेर, साठ वर्षे आधी, त्या पॅशनचा काही भाग हॅम्बुर्गच्या चर्चमध्ये भाविकांनी ऐकला होता, कोणाचा आहे ते न कळता का होईना. १७८६ मध्ये त्याने गरिबांच्या औषधोपचारासाठी भरवलेल्या मैफलीत वडिलांच्या ‘बी मायनर मास’मधला ‘क्रेडो’ सादर केला, आणि या वेळी कार्यक्रमावर नाव योहान सेबास्टियनचे होते. या मुलावर बापाचे संगीत बुडवल्याचा आरोप करणारे लोक ही दोन वर्षे कुठे ठेवतात, मला कळत नाही. थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान याने हालअपेष्टेत हस्तलिखिते विकली, ती विखुरली, काही गेली, हे खरे. पण दोघा भावांना एकाच पारड्यात टाकणे हा उघड अन्याय आहे.

चीजच्या दुकानाची कथाही इथेच निकालात काढू. ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ची बाखने स्वतः १७३६ च्या सुमारास उतरवलेली स्वच्छ प्रत आजही बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात आहे. शुभवर्तमानातले शब्द त्याने लाल शाईने लिहिले आहेत, बाकी सारे काळपट तपकिरी शाईने. त्याच्या इतर घाईघाईच्या मसुद्यांशी तिची तुलना केली की जाणवते, ही प्रत त्याने पुढच्यांसाठी केली आहे. पुढे पानांच्या कडा खराब झाल्या, तेव्हा म्हाताऱ्या बाखने कागदाच्या पट्ट्या कापून त्या चिकटवल्या आणि तुटलेले स्वर त्या पट्ट्यांवर पुन्हा लिहिले. ही प्रत त्याच्या मृत्यूनंतर इमान्युएलकडे आली, इमान्युएलच्या मागे १७९० मध्ये छापलेल्या मालमत्तेच्या यादीत तिची नोंद आहे, पुढे ती गेओर्ग पोल्खाऊ या संग्राहकाच्या हाती आली आणि १८४१ मध्ये त्याच्या संग्रहाबरोबर बर्लिनच्या राजग्रंथालयात पोचली. सगळा प्रवास एका जपणाऱ्याकडून दुसऱ्या जपणाऱ्याकडे झाला आहे. रद्दीच्या ढिगाला त्यात जागा नाही.

आणि हे जपणारे बर्लिनमध्ये कोण होते? प्रशियाच्या राजाची बहीण आना आमालिया हिने किर्नबर्गरला शिक्षक म्हणून ठेवले आणि बाखच्या हस्तलिखितांचा फार मोठा संग्रह उभा केला. ‘ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्तो’ची बाखच्या हातची अर्पणप्रत आज आपल्याकडे आहे ती याच संग्रहातून आल्यामुळे. १७९१ मध्ये कार्ल फाशने ‘झिंग-अकाडेमी’ ही गायकमंडळी स्थापन केली आणि काही वर्षांतच तिथे बाखचे मोटेट सरावात आले. त्याच्यानंतर आलेला कार्ल फ्रीड्रिख त्सेल्टर, मूळचा गवंडी, १८११ पासून ‘बी मायनर मास’चे भाग सदस्यांकडून गाऊन घेत होता. याच मंडळीत झारा लेवी होती. डानिएल इट्सिग या बर्लिनच्या ज्यू सावकाराची ही मुलगी; स्वतः विल्हेल्म फ्रीडेमान बाखची शिष्या, इमान्युएलच्या रचनांची आश्रयदाती, आणि त्सेल्टरच्या वाद्यवर्गात हार्प्सिकॉर्डवर बाखचे कॉन्चेर्तो वाजवणारी वादक. तिचा संग्रह तिने ‘झिंग-अकाडेमी’ला दिला. तिची बहीण बेला सालोमोन ही फेलिक्सची आजी, आणि ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ची नक्कल करवून ती नातवाच्या हाती देणारी हीच. फेलिक्सचा बाप आब्राहाम याने १८०५ मध्ये हॅम्बुर्गला इमान्युएलच्या वारसांच्या लिलावात हस्तलिखिते विकत घेतली आणि पुढे ती ‘झिंग-अकाडेमी’च्या स्वाधीन केली. मोठी मुलगी फॅनी १८०५ मध्ये जन्मली तेव्हा आई लेआने बाळाची बोटे बाखच्या फ्यूगसाठीच आहेत असे म्हटल्याचे आब्राहामने सासूला कळवले होते. तेरा वर्षांची झाल्यावर फॅनीने वडिलांसाठी ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हियर’मधली चोवीस प्रेल्युड पाठ करून वाजवली. अशा घरात वाढलेल्या मुलाने बाखचा शोध लावला, असे म्हणता येत नाही. बाख त्याच्या घरातच होता.

मग ही घराणी, या बायका इतिहासातून इतकी वर्षे गायब कशा राहिल्या? एक कारण साधे आहे: पुरावा हाताशी नव्हता. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी ‘झिंग-अकाडेमी’चा संग्रह सायलेशियात हलवला गेला, तिथून तो सोव्हिएत सैन्याने नेला आणि तो नष्ट झाला असेच बहुतेकांनी धरून ठेवले. पाच हजारांहून अधिक वस्तूंचा तो संग्रह १९९९ मध्ये कीव्हमध्ये सापडला आणि २००१ मध्ये बर्लिनला परतला. झारा लेवीच्या मालकीच्या वह्या आणि वाद्यवर्गाचे कागद त्यातलेच, आणि त्यांवर आधारलेला अभ्यास गेल्या पंचवीस वर्षांत झाला आहे. पण दुसरे कारण पुराव्याच्या अभावाने झाकता येणार नाही. मैफल सभागृहात झाली, राजा आला, तत्त्वज्ञ हेगेल आला, वर्तमानपत्रांत छापून आले, म्हणून ती इतिहास झाली. आजीने दिलेली नक्कल आणि मावसआजीच्या दिवाणखान्यातले हार्प्सिकॉर्ड यांची बातमी होत नाही, म्हणून तो घरगुती छंद ठरला. नुसत्या जाहीर मैफली मोजल्या, तर घरात, शाळेत, ऑर्गनच्या बाकावर चाललेले सगळे काम शून्य ठरते, आणि मग ‘ऐंशी वर्षे काळोख’ असे म्हणणे सोपे जाते.

यावर एक आक्षेप आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. मेंडेल्सझोनचे श्रेय असे वाटून टाकणे म्हणजे त्याला कमी लेखणे नाही का? संगीतातल्या ज्यूंवर लिहिताना रिखार्ड वागनरने १८५० मध्ये ज्या विषारी निबंधात मेंडेल्सझोनला खोटा ठरवले, आणि १९३६ मध्ये लायपझिगमधला मेंडेल्सझोनचा पुतळा ज्या लोकांनी रातोरात हटवला, त्यांच्या पंगतीला आपण नकळत बसत नाही ना? माझे उत्तर असे: जादूची कथाच मेंडेल्सझोनला कमी करते. तिच्यात तो एक असामान्य अपवाद उरतो, ज्याला एक दिवस अचानक एक हस्तलिखित सापडले. खऱ्या कथेत तो चार पिढ्यांच्या एका कुटुंबाचा वारस आहे, ज्या कुटुंबाने ख्रिस्ती उपासनेसाठी लिहिलेले हे संगीत स्वतःचे मानले, विकत घेतले, वाजवले, जपले. बर्लिनच्या ज्यू समाजाचा जर्मन संस्कृतीतला वाटा एका तरुणाच्या एका संध्याकाळीत संपत नाही, हे सांगणे ही वागनरला दिलेली सर्वांत कडक चपराक आहे. आणि मेंडेल्सझोनचे स्वतःचे कर्तृत्व त्यामुळे रेसभरही घटत नाही. हे सादर होणे शक्य नाही, म्हणणाऱ्या त्सेल्टरला त्याने आणि त्याचा मित्र नट एडुआर्ड डेव्हरिएन्ट यांनी राजी केले. दीडशेहून अधिक गायकांचा वृंद बसवला. कित्येक आरिया गाळून, जुन्या वाद्यांच्या जागी क्लॅरिनेट घालून, १८२९ चा श्रोता बसू शकेल इतक्या लांबीची पॅशन तयार केली. आजच्या शुद्धतावाद्यांना ती काटछाट खुपते. मला तिच्यात नाट्याची जाण दिसते, कारण त्याने कथा पुढे नेणारे भाग ठेवले आणि थांबवणारे गाळले. जे मूठभरांच्या वह्यांत होते, ते त्याने शहराचे केले. एवढ्या मोठ्या कामाला चमत्काराची जोड देण्याची गरज काय?

उलट पक्षी, विस्मृतीची कथा खरी असती तर १८२९ नंतरच्या घटनांचा अर्थ लागत नाही. बर्लिनच्या मैफलीनंतर तीन महिन्यांच्या आत, २९ मे १८२९ ला, फ्रांकफुर्टमध्ये योहान नेपोमुक शेल्बलेने आपल्या सेसिलिया मंडळाकडून तीच पॅशन सादर केली. इतकी अवघड, दोन वृंद आणि दोन वाद्यवृंद लागणारी कृती कोणी आठ-दहा आठवड्यांत बातमी वाचून बसवत नाही. शेल्बलेची तयारी आधीपासून चालू होती, आणि ‘बी मायनर मास’चा ‘क्रेडो’ त्याने १८२८ मध्येच गाऊन घेतला होता. त्याच वर्षी बर्लिनमध्ये संगीतकार स्पोन्तिनीनेही मासचा काही भाग मैफलीत सादर केला होता. ब्रेस्लाऊला मोझेवियुसने १८३० मध्ये पॅशन उभी केली. स्वतंत्रपणे काम करणारी माणसे एकाच वेळी एकाच दिशेने निघाली, कारण त्याआधीच्या चाळीस वर्षांत ठिकठिकाणी हौशी गायकांची मंडळे निघाली होती, मोठे वृंद उभे राहिले होते, जुन्या कृती मैफलीत ऐकायची तयारी झाली होती. यातले काहीच १७६० मध्ये नव्हते. पॅशनची वाट अडली होती ती या गोष्टींच्या अभावाने.

एक शेवटची शंका उरते: असेना का चमत्काराची कथा, तिच्यामुळे लोक बाख ऐकतात, बिघडले काय? बिघडते ते असे. खरी मोठी कला कधीच मरत नाही, कोणीतरी येऊन तिला उजेडात आणतोच, असा धीर ती कथा देते. आणि बाखच्याच बाबतीत तो धीर खोटा ठरलेला आहे. १७५४ मध्ये छापलेल्या त्याच्या मृत्युलेखात इमान्युएल आणि शिष्य आग्रिकोला यांनी कॅन्टाटांची पाच वर्षांची पाच चक्रे असल्याची नोंद केली. आज आपल्या हातात दोनशेच्या आसपास कॅन्टाटा आहेत. पाच चक्रांना तीनशेच्या आसपास लागतात. आना माग्डालेनाने आपल्या वाट्याचे कागद सेंट थॉमस शाळेत ठेवले, ते राहिले. इमान्युएलकडे गेले, ते राहिले. फ्रीडेमानकडे गेलेल्यांपैकी बरेच गेले. रचनेच्या गुणवत्तेशी याचा काही संबंध नाही. कोणाच्या कपाटात काय होते आणि त्या माणसाकडे त्या हिवाळ्यात सरपणाला पैसे होते का, यावर ते ठरले. १७३१ च्या गुड फ्रायडेला बाखने लायपझिगमध्ये ‘सेंट मार्क पॅशन’ सादर केली. पिकान्डर या कवीने तिचे शब्द १७३२ मध्ये छापले, म्हणून शब्द आहेत. संगीताची नक्कल कोणी झारा लेवीने, कोणी बेला सालोमोनने करवून ठेवली नाही, म्हणून ते नाही. काही भाग बाखने आधीच्या एका शोकगीतातून घेतले असावेत असे अभ्यासकांनी दाखवले आहे आणि त्यावरून पॅशनची पुनर्रचना करण्याचे प्रयत्न अनेकांनी केले आहेत. पण त्यातले नवे लिहिलेले संगीत, शुभवर्तमान गाणाऱ्याचे स्वर, आजतागायत कोणालाही सापडलेले नाहीत.